रहस्यकथेतला कॅप्टन आणि कोकणातला शिपाई

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीच्या काठावरच्या कुत-अल-अमारा या गावी ब्रिटिश-हिंदी फौजेनं तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली. जवळपास पाच महिने वेढा पडला होता. दाणागोटा संपला होता, शेवटी घोडे मारून खाण्याची वेळ आली होती. जनरल टाऊनशेंडच्या त्या फौजेत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींची भरती देशावर व्हायची तशी कोकणातही व्हायची. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडीचं संस्थान वेगळं होतं; आजचा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचा होता. कुतच्या कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. त्यांतले कितीतरी वाटेतच गेले. जे परतले, ते आपापल्या वाडीत भातशेतीला लागले.

त्याच महायुद्धातून अमेरिकेत गुन्हेकथेचा एक नवा नायक आला. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत काम केलेला डॅशिएल हॅमेट १९१८ मध्ये सैन्याच्या मोटार ॲम्ब्युलन्स दलात भरती झाला. परदेशी जाण्याआधीच तो इन्फ्लुएंझाच्या साथीत सापडला, पुढे क्षयानं ग्रासला. रेमंड चँडलर कॅनडाच्या सैन्यातून फ्रान्सच्या खंदकांत लढून आला. या दोघांनी पुढे जी कथा लिहिली तिला ‘हार्डबॉइल्ड’ असं नाव पडलं. हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ १९२९ ची, चँडलरची ‘द बिग स्लीप’ १९३९ ची. त्यांचा नायक एकटा राहतो, कमी बोलतो, मार खातो, दारू पितो आणि कुणावर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मिकी स्पिलेननं तर युद्ध थेट कथेच्या पहिल्या पानावर आणलं. १९४७ च्या ‘आय, द ज्युरी’त माइक हॅमरच्या ज्या मित्राचा खून होतो, त्यानं लढाईत हॅमरचा जीव वाचवताना आपला हात गमावलेला असतो. हॅमर सूड घेतो आणि खुनी निघालेल्या स्त्रीला स्वतःच्या हातानं गोळी घालतो. युद्धानं शिकवलेली पुरुषाची रीत त्यानं घरी आणलेली असते आणि शांततेच्या काळातही तो ती सोडत नाही.

मराठीतही गुन्हेकथा होती, तिचा वाचक लाखांत होता आणि तिच्या नायकाच्या नावामागे सैन्यातला हुद्दा लागला होता. कोकणात तर सैन्यातून परतलेली माणसं गावोगाव होती. तरीही हे दोघे कधी एका पानावर भेटले नाहीत. असं का झालं, हे शोधायचं तर आधी या किनाऱ्यावर मर्दपणा कोण ठरवत होतं ते पाहावं लागतं.

२५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती नावाड्याच्या वेशात आहे. राजाला नावाड्याच्या रूपात पुजणारा हा किनारा होता. पुढे शंभर वर्षांनी, १७६५ मध्ये, इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पण वर्षभरातच तो कोल्हापूरकरांना परत करावा लागला. तरीही इंग्रजी कागदपत्रांत मालवणचे दर्यावर्दी कायम चाचेच राहिले. कोल्हापूर आणि सावंतवाडीच्या आरमारी गलबतांनी समुद्रात जहाज अडवलं की ती चाचेगिरी, आणि कंपनीच्या जहाजांनी बंदरावर तोफा डागल्या की ती मोहीम. १८१२ च्या तहानं मालवण बंदर इंग्रजांच्या हाती गेलं आणि हा वाद बळावर निकालात निघाला. कोण योद्धा आणि कोण गुन्हेगार, हे ज्याच्या हाती दप्तर होतं त्यानं ठरवलं.

एकोणिसाव्या शतकात हे दप्तर आणखी जाड झालं. १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केलं आणि त्याची आग सावंतवाडीत पोचली. फोंड सावंत तांबुळकरांसारखे सरदार मनोहर-मनसंतोषगडाच्या बाजूनं लढले आणि शेवटी गोव्यात निसटले. त्यानंतर या मुलखातले पुरुष इंग्रजांच्या पलटणीत जात राहिले, पण त्यांना घ्यायचं की नाही हे आता ‘लढाऊ जाती’ नावाच्या सिद्धांतावर ठरू लागलं. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होता. उत्तरेकडचे लोकच खरे लढवय्ये, दक्षिणेकडचे आणि किनाऱ्याचे मऊ, असं त्याचं मत होतं, आणि त्यानं भरतीची दिशा बदलली. १८९२ नंतर महारांची सैन्यभरती बंद झाली.

कोकणच्या समाजावर हा मोठा घाव होता. मुंबईच्या लष्करात कोकणातल्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. दापोली हे तर पेन्शनीत निघालेल्या शिपायांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. स्वतः निवृत्त सैनिक असलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरसेनापतीला अर्ज लिहून ही बंदी उठवण्याची मागणी केली. आपले पूर्वज क्षत्रिय होते, लढणं आपल्या रक्तात आहे, असं त्यांनी मांडलं. पोटाची भाकरी आणि माणूस म्हणून मान या दोन्ही गोष्टी त्या काळी मर्दपणाच्या सरकारी दाखल्यावर अडल्या होत्या. महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली; गरज सरल्यावर चार वर्षांत ती मोडली. ज्यांना काल लढाऊ म्हटलं नव्हतं ते लढून आले आणि परत ‘न लढाऊ’ ठरले. ही गोष्ट कोणत्याही गुन्हेकथेपेक्षा कमी धक्कादायक नाही.

या सगळ्याच्या शेजारी गावात दुसरी एक शाळा चालू होती. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम लागला की सिंधुदुर्गात दशावतारी नाटकं सुरू होतात. पूर्वरंगात संकासुर येतो, मग आख्यान, आख्यानात हमखास युद्ध, आणि पहाटे दहीकाला. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळांची नावं इथं पोराटोरांना माहीत असतात. तलवारीला तलवार भिडते, मृदंग आणि झांज तापतात, वीर गर्जना करतो. त्याच रंगमंचावर राणी होऊन उभा असतो तोही पुरुषच. नऊवारी, दागिने, पदर सावरण्याची ढब हे सगळं तो वर्षानुवर्षं कमावतो, आणि उत्तम स्त्रीपार्टी नटाला गावात मानाचं स्थान असतं. सकाळी तोच माणूस शेतात नाहीतर होडीवर दिसतो. इथल्या प्रेक्षकाला पुरुषपणाचं एकच रूप ठाऊक होतं, असं म्हणताच येणार नाही.

हा प्रेक्षक मुंबईला गेला आणि वाचक झाला.

कोकणची घरं मनीऑर्डरीवर चालायची. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबई गाठायची, गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची, खाणावळीत जेवायचं, पाळी करून यायचं. बायकामुलं गावाकडे, शेती, गुरं, म्हाताऱ्यांचं आजारपण सगळं बाईच्या अंगावर. वीस-वीस पुरुष एका खोलीत राहत. घरातल्या कर्त्या पुरुषाची घरापासूनची ही लांबी शिपायाच्या लांबीसारखीच होती, फक्त अंगावर गणवेश नव्हता. रोजच्या भाड्यानं पुस्तकं देणारी छोटी वाचनालयं याच शहरात फोफावली, आणि त्यांच्या फळ्यांवर सगळ्यात झिजलेली पुस्तकं असायची ती बाबूराव अर्नाळकरांची.

बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांचा जन्म १९०६ चा आणि मृत्यू १९९६ चा. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यांच्या धनंजय-छोटू जोडीवर शेरलॉक होम्सची छाया आहे, पण वाचकाच्या मनात घर केलं ते झुंजार आणि काळापहाड यांनी. हे दोघे कायद्याच्या काठावरून चालणारे. पोलिसांना जे जमत नाही ते करतात, दुष्ट धनिकाला नमवतात, अडलेल्याला सोडवतात. विलायती साहसकथांचा प्रभाव त्यांच्यावर उघड आहे. अमेरिकन हार्डबॉइल्ड नायकाशी मात्र त्यांचं फार जुळत नाही. झुंजारला विजया आहे. तो एकटा, कडवट, बाईला भिणारा नाही. तो सभ्य आहे, घरंदाज आहे आणि त्याच्यातला राग अन्यायाविरुद्ध आहे. गिरणीत जॉबरची आणि खोलीत सावकाराची बोलणी ऐकणाऱ्या माणसाला हा नायक आपला वाटला, यात आश्चर्य नाही. अर्नाळकरांनी मराठीत वाचनाची सवय लावली. ती लागलेला माणूस बहुधा शाळा लवकर सुटलेला असे, म्हणून साहित्याच्या इतिहासानं त्यांची दखल उशिरा घेतली. हा त्या इतिहासाचा दोष आहे.

पुढच्या पिढीत नायकानं गणवेश चढवला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६२ मध्ये चीनकडून हार झाली, १९६५ आणि १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्धं झाली. दहा वर्षांत चार लष्करी कारवाया पाहिलेल्या वाचकाला आता सैनिक हवा होता. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी तो दिला. ‘कॅप्टन दीप’ हा लष्करी हेरगिरीचा नायक त्यांचाच. ‘गोलंदाज’, ‘शिलेदार’, ‘बहिर्जी’ अशी त्यांच्या मालिकांची नावं होती. शिवकालीन फौजेतली पदं आणि माणसं विसाव्या शतकाच्या पॉकेटबुकावर आली. नाईकांनीही हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) याच काळात दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे नायक उभे केले आणि तरुण वाचकांची एक पिढी खेचून घेतली.

हुद्द्याचं हे आकर्षण एकट्या मराठीचं नव्हतं. अलाहाबादेत १९५२ मध्ये इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली तेव्हा फरीदी होता इन्स्पेक्टर आणि हमीद होता सार्जंट. पुढे त्यांचे कर्नल आणि कॅप्टन झाले. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ पासून आरमारातला कमांडर आहे, आणि फ्लेमिंग स्वतः आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेला. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशात पोलीस हा अजून साहेबाच्या काळातला पोलीस वाटत होता. सैनिक मात्र आपला होता. म्हणून चौकशीचं काम फौजदाराकडून काढून कॅप्टनकडे देण्यात आलं.

पण या कॅप्टनला काय मिळालं नाही, तेही पाहिलं पाहिजे. त्याचं वय वाढत नाही. त्याला लागलेली गोळी पुढच्या पुस्तकात दुखत नाही. रात्री दचकून तो उठत नाही. पेन्शनचा कागद अडला म्हणून तो तालुक्याच्या कचेरीत खेटे घालत नाही, आणि त्याची बायको पोस्टमनची वाट पाहत नाही. अमेरिकेतला कणखर नायक युद्धावरून परत आलेला होता, म्हणून तो शहराकडे थकलेल्या डोळ्यांनी पाहू शकला. मराठी रहस्यकथेतला नायक कायम मोहिमेवर निघालेला आहे. परतीच्या वाटेवर त्याला कुणी पाठवलंच नाही. यामागे कारणं आहेत. हॅमेट आणि चँडलर गणवेश घालून आले होते. मराठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांकडे महिन्याला पुस्तकांमागून पुस्तकं पुरी करण्याचा रेटा होता. आणि जो शिपाई खरोखर जाऊन आला होता त्याच्या हाती लेखणी फारशी आलीच नाही.

युद्धानं पोळलेला पुरुष मराठीत नव्हताच असंही नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधला चक्रधर दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून बोटीनं परततो. प्रेमात दुखावलेला, स्त्रीवर विश्वास उरलेला नाही, आणि समोर येते ती नाझींच्या देशातून हाकललेली ज्यू हॅर्टा. चँडलरच्या जगाशी नातं सांगणारा हा मराठी पुरुष आहे. पण तो गंभीर कादंबरीच्या फळीवर गेला आणि गिरणगावाच्या वाचनालयात क्वचितच पोचला.

खऱ्या शौर्याचा पोतही पॉकेटबुकापेक्षा वेगळा होता. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे पुढे नेताना रस्त्यात सुरुंग आणि तोडलेल्या झाडांचे अडथळे होते. पहिल्याच दिवशी मांडीला जखम होऊनही सेकंड लेफ्टनंट राणे कामावरून हटले नाहीत. सरपटत, एका वेळी रणगाड्याच्या पोटाखाली राहून त्याच्याबरोबर पुढे सरकत, पुढचे काही दिवस जवळपास न झोपता त्यांनी रस्ता मोकळा केला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. या शौर्यात पिस्तूल नाही, शत्रूच्या तोंडावर फेकलेलं वाक्य नाही. बोटांनी माती चाचपून सुरुंग काढण्याचा धीर आहे.

आणि शस्त्राविनाचं शौर्य सिंधुदुर्गाच्या उंबऱ्यावरच घडलं. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याच्या पलीकडे, पत्रादेवीच्या सीमेवर, गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग बेनिपाल हा तरुण तिथं मारला गेला. छाती पुढे करणं म्हणजे काय, हे त्या दिवशी बांद्याच्या माणसांनी पाहिलं.

मर्दपणाचा काळा चेहरा लिहिला तोही याच जिल्ह्यातल्या लेखकानं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचं ‘पुरुष’ हे नाटक ऐंशीच्या दशकात रंगभूमीवर आलं. त्यात गुन्हा आहे, गुन्हेगार पहिल्यापासून माहीत आहे, आणि तो सत्तेत आहे. गुलाबराव हा राजकारणी अंबिका या तरुणीवर बलात्कार करतो. कायदा आणि प्रतिष्ठित समाज तिला न्याय देत नाहीत. शेवटी तीच त्याचं पुरुषत्व हिरावून घेते. नाना पाटेकर आणि रीमा यांच्या भूमिकांनी ते गाजलं. गुप्तहेराला इथं जागाच नाही, कारण शोधायचं काही उरलेलं नाही. पॉकेटबुकात बाईला वाचवायला कॅप्टन येत असे. दळवींच्या नाटकात कुणी येत नाही, आणि पुरुषाच्या ताकदीवरचा जो विश्वास रहस्यकथेनं वर्षानुवर्षं जपला होता तो एका रात्रीत प्रेक्षकापुढे फाटतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगावाचं जगणं मोडलं. खोल्या रिकाम्या झाल्या, अनेक जण कोकणात परतले. त्याच सुमारास घराघरांत दूरदर्शन आलं. भाड्याच्या वाचनालयांचं गिऱ्हाईक गेलं आणि रहस्यकथांचा खपही ओसरला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा गाडीत वाचायला घेण्याची ती पुस्तकं स्टॉलवरून बरीचशी नाहीशी झाली होती.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला. १९७१ मध्ये कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. सिंधुदुर्गाच्या साक्षीनं युद्धनौका पाहायला हजारो माणसं जमली, ते योग्यच झालं. पण युद्धाचा इतिहास नौका आणि किल्ल्यांवर संपत नाही.

मराठी रहस्यकथेनं कोकणी वाचकाला खूप दिलं. तिनं त्याला थकलेल्या रात्री सोबत केली आणि अन्याय हरू शकतो हा भरवसा दिला. त्याच्याच घरातल्या सैनिकाला मात्र तिनं ओळखलं नाही, आणि म्हणून पुरुष म्हणजे न दुखणारा, न रडणारा, न परतणारा, हा समज पक्का करण्यात तिचाही वाटा आहे. आता दोन कामं तातडीची आहेत. सिंधुदुर्गातल्या जुन्या वाचनालयांनी अर्नाळकर, नाईक, शिरवळकर यांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती रद्दीत न घालता जपाव्यात. त्या पुन्हा छापल्या जातीलच याची खात्री नाही. आणि ज्यांच्या घरी पणजोबांचं पदक, पेन्शनचं पुस्तक किंवा आघाडीवरून आलेलं पत्र आहे, त्यांनी ते पेटीतून काढून वाचावं, नोंदवावं, जवळच्या वाचनालयाला त्याची प्रत द्यावी. कुतहून परतलेल्या शिपायांना आज विचारता येणार नाही; १९६५ आणि १९७१ ला लढलेले मात्र अजून अनेक वाड्यांत आहेत, आणि त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.